गणिताला चारपैकी दोन

रचना ओव्हाळ आमच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीच्या अध्यक्ष झाल्या, त्या एक प्रश्न विचारल्यामुळे. जुलैमधली पालकसभा होती. साठ-सत्तर पालक मुलांच्या बेंचांवर गुडघे दुमडून बसलेले, आणि मुख्याध्यापिका वासंती पेंडसे मॅडम समितीसाठी नावं मागत होत्या. कोणी मान वर करेना. तेवढ्यात मागून एक बाई उठल्या आणि त्यांनी विचारलं, पहिल्या मजल्यावरच्या मुलींच्या टॉयलेटला कुलूप का असतं? सगळ्या माना मागे वळल्या. मॅडम म्हणाल्या, नळाचं काम बाकी आहे. बाई म्हणाल्या, बरं, मग ते कधी होणार? पुढच्या पाच मिनिटांत त्यांचं नाव सुचवलं गेलं, त्याला अनुमोदन मिळालं आणि टाळ्याही वाजल्या. ज्याने तोंड उघडलं त्याच्याच गळ्यात माळ घालायची, ही आपल्याकडची जुनी रीत.

शाळा कल्याण पूर्वेची, महापालिकेची, पाचवी ते आठवी. आवारात एक बुजवलेली विहीर आहे, म्हणून रिक्षावाले तिला ‘विहिरीची शाळा’ म्हणतात. खरं लांबलचक नाव फक्त शिक्क्यावर वाचायला मिळतं. मी तिथे सहावी-सातवीला गणित शिकवतो. ऋतुराज भोईर माझं नाव. आणि आधीच सांगून टाकतो, या गोष्टीत ज्याची परीक्षा झाली तो मीच.

रचनाताई तशा जवळच्याच. पलीकडच्या चाळीत नवरा, सासूबाई आणि मुलगी कादंबरी असं घर. नवरा रत्नदीप ठाण्याच्या कोर्टात बेलिफ. लोकांच्या दारात समन्स घेऊन जायचं काम, त्यामुळे घरी आल्यावर तो फारसा कोणाच्या भानगडीत पडत नाही. सासूबाई भीमाबाई मात्र पडतात. रचनाताई स्वतः डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका कंपनीत कामाला. तिथे औषधाच्या बाटल्यांची झाकणं बनतात आणि त्या ‘क्वालिटीत’ आहेत. म्हणजे खोके भरून झाले की त्यातली थोडी झाकणं काढायची, बाटलीला घट्ट लावायची, बाटली उलटी धरायची आणि गळते का बघायचं. चौदा वर्षं त्या हेच करतायत. बारावीपर्यंत शिकल्या, शाळा त्यांचीही महापालिकेचीच.

कादंबरी चौथीपर्यंत जवळच्या एका खाजगी इंग्रजी शाळेत होती. तिथे तिला सकाळी पोटात दुखायचं आणि रविवारी दुखायचं नाही. पाचवीला शाळा बदलायची ठरली, तेव्हा चाळीतल्या बायका म्हणाल्या की चांगल्या पोरीला कशाला म्युनिसिपाल्टीत घालतेस?  रचनाताई तीन दिवस शाळा सुटायच्या वेळी आमच्या गेटसमोर उभ्या राहिल्या. मुलं कशी बाहेर पडतात, शेवटच्या मुलापर्यंत कोणी शिक्षक गेटवर थांबतो का, पोरं शिक्षकांना बघून गप्प होतात की हाक मारतात, एवढंच त्यांनी बघितलं. चौथ्या दिवशी येऊन दाखला दिला. हे मला फार नंतर कळलं. त्या तीन दिवसांत गेटवर माझी पाळी होती की नाही, ते मी अजून विचारलेलं नाही.

अध्यक्ष झाल्यावर पहिल्या सहा महिन्यांत त्यांनी टॉयलेट सुरू करून घेतलं, एवढंच. महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात त्या किती वेळा गेल्या ते त्यांनाच ठाऊक. नळ लागले, कुलूप निघालं. आम्हा शिक्षकांना वाटलं, बाई बऱ्या आहेत, कामाच्या आहेत आणि वर्गात डोकावत नाहीत.

जानेवारीत स्वयंमूल्यांकनाचा फॉर्म आला. शाळेने स्वतःच स्वतःला गुण द्यायचे. शंभराच्या वर मुद्दे, प्रत्येकाला एक ते चार. इमारत, पाणी, पोषण आहार, ग्रंथालय, कुठल्या विषयात मुलांना किती येतं, सगळं त्यात. खाली मुख्याध्यापकांची आणि समितीच्या अध्यक्षांची सही. असले फॉर्म भरायची आमची पद्धत ठरलेली होती. मागच्या वर्षीचा काढायचा, तारीख बदलायची. मागच्या वर्षी जवळजवळ सगळीकडे चार होते, कुठे कुठे नम्रता म्हणून तीन. पेंडसे मॅडमनी भरलेला फॉर्म रचनाताईंपुढे ठेवला आणि पेनही दिलं.

ताई म्हणाल्या, वाचून सही करते. मॅडमना वाटलं, दोन मिनिटं वाचतील. त्यांनी फॉर्म पिशवीत घातला आणि घरी नेला.

चार दिवसांनी फॉर्म परत आला तेव्हा कडेला पेन्सिलीने बारीक प्रश्नचिन्हं होती. मी मोजली नाहीत, पण पहिल्या पानावरच सात-आठ दिसली. मॅडम जरा गोंधळल्या. दोन वर्षांत निवृत्त होणार होत्या, शाळेवर त्यांचा जीव होता आणि कोणाशी वाकडं घ्यायचा त्यांचा स्वभाव नव्हता. त्यांनी शांतपणे विचारलं, यात काही चुकीचं आहे असं तुम्हाला वाटतं का? ताई म्हणाल्या, चूक की बरोबर ते मला माहीतच नाही, म्हणून तर खुणा केल्यात. मी बघते आणि मग सही करते. बघितल्याशिवाय सही करायची मला सवय नाही.

एमआयडीसीला सुट्टी शुक्रवारची. म्हणून ताई शुक्रवारी येऊ लागल्या.

पहिल्या शुक्रवारी त्या पाणी प्यायल्या, खिचडी खाल्ली आणि ग्रंथालयाचं कपाट उघडायला सांगितलं. खिचडी त्यांनी मुलांच्या रांगेत बसून खाल्ली, वाढणाऱ्या बाईंना पुन्हा मागितली आणि फॉर्मवर चारच्या पुढे बरोबरची खूण केली. कपाटाचं मात्र अवघड झालं. किल्ली कोणाकडे आहे यावर स्टाफरूममध्ये बराच वेळ संशोधन चाललं. किल्ली शेवटी नकाशांच्या नळकांड्यात सापडली. आत दोनशे-अडीचशे पुस्तकं, एकाचंही पान दुमडलेलं नाही, काहींच्या कव्हरवरचं प्लास्टिकही तसंच. ताईंनी एक पुस्तक उघडून वास घेतला आणि म्हणाल्या, नवंकोरं आहे. मग चार खोडून एक लिहिला. आम्ही सगळे हसलो, त्याही हसल्या. किल्ली त्यांनी आठवीतल्या दोन मुलींकडे दिली आणि मॅडमना म्हणाल्या, हरवली तर आता निदान कोणाकडून हरवली ते कळेल.

मी त्या दिवशी खूश होतो. ग्रंथालय माझ्याकडे नव्हतं.

आता माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. शाळेत कोणी साहेब आले, पाहुणे आले, की त्यांना माझ्या वर्गात आणायचं असा प्रघात होता. माझं अक्षर चांगलं. फळ्यावर मी चार रंगांच्या खडूंनी लिहायचो, दिलेलं वेगळ्या रंगात, सूत्र वेगळ्या रंगात, उत्तराभोवती चौकट. डिजिटल फळा आला तेव्हा शाळेत तो पहिल्यांदा मीच चालवला. मुलांच्या वह्या बघाल तर छापल्यासारख्या. एकदा एका साहेबांनी माझ्या वर्गातल्या वहीचा फोटो काढून ग्रुपवर टाकलेला. माझ्या शेजारचा वर्ग भगवान तरे सरांचा. ते विज्ञान शिकवतात. त्यांच्या वर्गातून बाजार भरल्यासारखा आवाज येतो, वह्यांमध्ये खाडाखोड असते आणि पाहुणे आले की मॅडम त्यांचं दार हळूच ओढून घेतात.

दुसऱ्या शुक्रवारी ताई सातवीच्या वर्गात आल्या. मी तयारीत होतो. त्यांना खुर्ची दिली, फळ्यावर शेकडेवारीचं उदाहरण सोडवून दाखवलं, पहिल्या बाकावरच्या तिघांना उठवून उत्तरं घेतली. तिन्ही बरोबर आली. ताईंनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग हजेरीपट मागितला.

म्हणाल्या, सर, कंपनीत खोका आला की वरचा थर आम्ही बाजूला ठेवतो. वरचा थर नेहमी चांगलाच असतो, तो भरणाऱ्याला माहीत असतं. मी प्रत्येक सातवं नाव घेऊ का?

नाही म्हणायला कारण नव्हतं. चौपन्नचा पट, सात मुलं निघाली. सात, चौदा, एकवीस. अठ्ठावीस नंबरला बोट आलं आणि तिथे कादंबरी ओव्हाळ होती. मी म्हटलं, तुमची मुलगी आहे, तिला सोडा, एकोणतिसावा घ्या. ताईंनी त्या नावावरचं बोट काढलं नाही. मग म्हणाल्या, नको, आलाय तो नंबर राहू दे.

सातही जणांना त्यांनी मागच्या बाकांवर लांब लांब बसवलं आणि एक उदाहरण तोंडी सांगितलं. पुस्तकातलं नव्हतं. एका खोक्यात बाराशे झाकणं आहेत. शंभरात तीन खराब निघतात. तर खोक्यात खराब किती असतील?

मला हसू आलेलं, इतकं सोपं. सहावीतच झालेला भाग. मी खिडकीशी जाऊन उभा राहिलो आणि वाट बघू लागलो. दोन मिनिटं गेली, चार गेली. एका मुलाने हात वर केला. मला वाटलं याचं झालं. त्याने विचारलं, "सर, हे नफ्याचं आहे की तोट्याचं?"

ताई माझ्याकडे बघत होत्या की नाही ते मला माहीत नाही, कारण मी बाहेर बघत होतो.

सातपैकी दोघांना आलं. एकाने बारा शंभर, बारा त्रिक छत्तीस असं तोंडी केलेलं, वहीत काही लिहिलं नव्हतं. दुसरीने कागदावर रेघा मारमारून केलं. बाकी पाच जणांत कादंबरी होती. तिने पानाच्या डाव्या बाजूला पट्टीने समास आखलेला. वर तारीख. मग ‘दिलेले’ लिहून खाली रेघ, ‘सूत्र’ लिहून खाली रेघ. अक्षर मोत्यासारखं. आणि सूत्राच्या पुढे काही नाही. तिला कोणतं सूत्र ते ठरवता आलं नव्हतं. गेल्या परीक्षेत तिला गणितात अ-एक श्रेणी होती. ती मीच दिलेली.

ताईंनी सातही कागद गोळा केले, मुलांना शाबास म्हणाल्या आणि बाहेर आल्या. मी मागोमाग गेलो. व्हरांड्यात त्या कठड्याला टेकून उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता बोलतील. त्या बोलल्या, पण मला नाही, स्वतःलाच बोलल्यासारखं.

"सर, दोन वर्षं मी हिची वही बघत आलेय. रोज रात्री जेवणं झाली की बघते. एवढी छान वही, म्हणून मी खूश होते. मी बाटली कधी उलटी धरलीच नाही."

त्या वेळी मला त्यांचं दुःख दिसलं नाही. मला फक्त राग आला. आणि राग आला की माणूस जे बोलतो ते मी बोललो. एका वर्गात चौपन्न पोरं. आठवड्याला दोन ऑनलाइन माहित्या भरायच्या. निवडणुकीचं काम, मतदार याद्यांचं काम, कुठला ना कुठला सर्व्हे, आणि मधल्या वेळात शिकवायचं. वर एक अवघड उदाहरण टाकून मुलांना गोंधळात पाडायचं आणि शिक्षकाला मोजायचं, हे बरोबर नाही. मी बराच वेळ बोललो. त्यांनी मध्ये तोडलं नाही. माझं संपल्यावर म्हणाल्या, तुमचं सगळं खरं आहे. मग तेच लिहू या. पण चार कसे लिहायचे?

मी म्हटलं की तास सुरू होतोय.

त्या संध्याकाळी त्यांच्या घरी काय झालं ते त्यांनी मला नंतर सांगितलं. कादंबरी रडत बसलेली. आईने सगळ्यांसमोर आपल्याला पाडलं असं तिचं म्हणणं. भीमाबाईंनी नातीची बाजू घेतली आणि सुनेला सुनावलं की पोरीला तुझ्या कंपनीतलं झाकण समजतेस का? रत्नदीप कपडे बदलायला आत गेला तो बाहेर आलाच नाही. रचनाताईंनी मुलीला जवळ घेतलं आणि सांगितलं, तू पडली नाहीस, मला बघता आलं नाही. मग स्वयंपाकघरातून राजम्याचा डबा आणला. दोघींनी जमिनीवर शंभर-शंभरचे ढीग लावले, प्रत्येक ढिगातून तीन दाणे बाजूला काढले. चौथ्या ढिगाला कादंबरी म्हणाली, एवढंच होय? आणि मग जास्त रडली, कारण एवढंच होतं आणि तेही आधी कळलं नव्हतं.

मी इकडे घरी गेलो तो धुमसतच. रविवारपर्यंत माझं मत पक्कं झालेलं की सात मुलांवरून वर्ग ठरत नाही. सोमवारी मी स्वतः पूर्ण वर्गाला एक उदाहरण घातलं, ताई चुकल्या हे सिद्ध करायला. झाकणं नाहीत, माझं आपलं लग्नाच्या पंगतीचं. आठशे पानं, शंभराला पाच पाहुणे न जेवता जातात, तर न जेवता गेले किती? मुद्दाम सोपं घातलं. एकावन्न मुलं हजर होती. अकरा जणांना आलं.

मधल्या सुट्टीत मी कागदांचा गठ्ठा घेऊन स्टाफरूममध्ये बसलो होतो. तरे सर डबा खात होते. ते माझ्याशी वर्षभरात दहा वाक्यं बोलले असतील. त्यांनी गठ्ठा ओढला, चार-पाच कागद बघितले आणि परत सरकवला. म्हणाले, "तुझा फळा छान असतो रे. पण तू फळ्यालाच शिकवतोस."

मी म्हटलं, मग तुम्ही काय करता? ते म्हणाले, मी काही करत नाही, ये आणि बघ.

मी माझा मोकळा तास त्यांच्या वर्गात मागे बसून काढला. तिथे खरंच गोंगाट होता. सर प्रश्न विचारत आणि उत्तर आलं की बरोबर की चूक ते सांगतच नसत. दुसऱ्याला विचारत, हा म्हणतो ते तुला पटतं का? पोरं आपसात भांडत. एका मुलीने आधी एक सांगितलं, मग स्वतःच उठून म्हणाली, सर, नाही, मी चुकले. आणि कोणी हसलं नाही. ही मुलं सकाळी माझ्या वर्गातही बसलेली. माझ्या वर्गात ‘मी चुकले’ असं एकही मूल कधी म्हणालेलं मला आठवेना. चुकायला त्यांनी आधी काहीतरी स्वतःचं करायला हवं होतं, आणि मी ते करून द्यायचो.

समितीची बैठक महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी होती. नऊ-दहा पालक, पेंडसे मॅडम, शिक्षकांतर्फे मी. फॉर्म मधोमध टेबलावर. रचनाताईंनी बघून झालेल्या मुद्द्यांचे आकडे वाचून दाखवले. बरेच चार होते, आणि ते त्यांनी जोरात वाचले. पाणी चार. आहार चार. मुलांची वर्तणूक चार. विज्ञान चार, कारण त्याच पद्धतीने त्यांनी तरे सरांचा वर्गही बघितलेला. मराठी वाचन तीन. ग्रंथालय एक. सातवीचं गणित दोन.

मॅडमनी चष्मा काढून ठेवला. त्यांचं म्हणणं त्यांनी चांगल्या शब्दांत मांडलं आणि ते खोटं नव्हतं. म्हणाल्या, आजूबाजूच्या सगळ्या शाळा चार लिहिणार. आपण दोन लिहिले की यादीत आपली शाळा खाली. ते व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणार. आधीच पट दरवर्षी कमी होतोय. दहा मुलं गेली की एक शिक्षक कमी होतो, आणि मग गणित दोनाचं एकावर येतं. खरं बोलण्याची शिक्षा मुलांनाच होईल, त्याचं काय?

 एक पालक म्हणाले, मॅडम बरोबर बोलतायत, तीन लिहून टाकू या, मधला मार्ग. बऱ्याच माना हलल्या.

रचनाताई म्हणाल्या, "तीन लिहिले तर माझ्यानंतर या खुर्चीत बसणारीला कळणार नाही की इथे काही बघायचं होतं. ती माझ्यासारखीच वही बघून खूश राहील."

मग त्या माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, सरांना काय वाटतं? वर्ग त्यांचा आहे.

खरं सांगतो, तिथे माझ्यासाठी दार उघडं होतं. मी तीन म्हटलं असतं तर तीन झाले असते. मी खिशातून सोमवारचा कागद काढला. म्हटलं, मीही घेतली परीक्षा. एकावन्नात अकरा. दोनसुद्धा जरा जास्तच आहेत, पण दोन राहू द्या, मला थोडी जागा हवी सुधारायला. थोडंफार हसू झालं.  मग मॅडमनी चष्मा लावला, दोनच्या बाजूला स्वतःच्या हाताने ‘एका वर्गात ५४ विद्यार्थी’ असं लिहिलं, आणि सही केली. त्यांच्याखाली रचनाताईंनी केली.

पुढे काय झालं? मॅडम म्हणाल्या ते बरंचसं झालं. आकडे फुटले, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरले, कोणीतरी ‘विहिरीच्या शाळेत गणित बुडालं’ असं लिहिलं. जूनपर्यंत पाच मुलं दुसरीकडे गेली. वरून पत्र आलं की गणितातील असमाधानकारक संपादणुकीबाबत खुलासा सादर करावा. तो खुलासा मीच लिहिला, दोन पानं, आणि आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या सरकारी कागदावर मला वाटतं तेच लिहिलं.

मार्चमध्ये ठाण्याहून एक अधिकारी तपासणीला आलेले. त्यांनी सांगितलं की त्यांच्या गठ्ठ्यात दोन लिहिलेली ही एकच शाळा होती, म्हणून ते आधी इथे आले. सगळं बघून त्यांनीही गणिताला दोनच दिले. ग्रंथालयाला एकाचे तीन केले, कारण तोवर आठवीच्या त्या मुलींनी अर्धं कपाट रिकामं करून टाकलेलं आणि पुस्तकं घरोघर गेलेली. चौपन्नाच्या वर्गाचे दोन करता येतील का ते बघतो, असंही म्हणाले. ते अजून बघतायत.

मी रंगीत खडू सोडले नाहीत, हौस आहे. पण आता उदाहरण अर्धं लिहून थांबतो आणि खाली बसतो. सुरुवातीला पोरं माझ्याकडे बघत बसायची की सर पुढचं कधी लिहिणार. एक आठवडा असा गेला की मला वाटलं हे काही जमायचं नाही. मग एक दिवस मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, आधी भागायचं ना? दुसरा म्हणाला, नाही, आधी गुणायचं. तिसऱ्याने दोघांना वेड्यात काढलं. मी तोंड उघडलं नाही. फार कठीण गेलं ते. एप्रिलमध्ये पुन्हा मोजलं तेव्हा अकराचे चोवीस झालेले. निम्मेही नाहीत. पण ते चोवीस मला माहीत आहेत, नावानिशी.

कादंबरी आता आठवीत आहे. गणितात तिला ब श्रेणी मिळते. वहीत खाडाखोड असते, शाई पसरलेली असते, आणि भीमाबाई मला रस्त्यात गाठून सांगतात की सर, पोरीचं अक्षर बिघडलं हो, आधी किती छान होतं. मी त्यांना समजावून सांगायच्या फंदात पडत नाही. माझ्याच आईने तेच म्हटलं असतं. कादंबरी स्वतः मात्र अधूनमधून स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहते आणि म्हणते, सर, तुमचं कालचं उत्तर चुकलंय. दोनदा खरंच चुकलेलं. एकदा तिचंच चुकलं, तेव्हा ती म्हणाली, हां, माझं चुकलं, आणि डबा खायला निघून गेली.

रचनाताईंची मुदत येत्या जुलैला संपेल. अजूनही त्या शुक्रवारी येतात, पण आता सगळे वर्ग त्यांना बसायला जागा करून देतात, अगदी पहिल्या बाकांवरचा ‘वरचा थर’सुद्धा. मॅडमनी पुढच्या फॉर्मसाठी त्यांच्याकडून पद्धत लिहून घेतलीये, आपण निवृत्त झाल्यावरही फायलीत राहावी म्हणून.

परवा मी गेटवर उभा होतो. ताई बाहेर पडत होत्या. त्यांच्या चाळीतली प्रीती म्हणून एक बाई, लहान मुलाला कडेवर आणि मोठीला बोटाला धरून, त्यांना तिथेच भेटली. मोठीला पाचवीला घालायचं होतं. तिने विचारलं, ताई, तुम्ही तर आतल्याच आहात, एका शब्दात सांगा, ही शाळा चांगली आहे का?

 एका शब्दात सांगायचं रचनाताईंच्या जिवावर आलेलं दिसत होतं. मग त्या म्हणाल्या, "पाचवीचं मराठी फार चांगलं आहे. सहावी-सातवीचं गणित सुधारतंय, हे सर शिकवतात, विचार त्यांना. इंग्रजीला बाई नवीन आहेत, त्यांचं अजून मी बघितलं नाहीये. तू असं कर, उद्या ये, दोन तास मागच्या बाकावर बस आणि तूच बघ."

प्रीतीने माझ्याकडे बघितलं. बसू देतील का, असं तिच्या चेहऱ्यावर होतं. मी म्हटलं, सव्वाअकराला माझा तास आहे, सहावीवर. पण पहिल्या बाकाजवळ बसू नका.